दुसऱ्याच्या हाकेला ओ

माझा भाऊ गेला त्याच्या चौथ्या दिवशी त्याच्या क्लबचा कारकून दारात आला, हातात मोठी निळी बॅग. म्हणाला, वकिलाचं सामान आणलंय. मी म्हटलं, चुकीच्या घरी आलात, आमच्यात वकील कोणी नाही, घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी आणि मी सातवी. तो बिचारा हातातला कागद बघतो, घराचा नंबर बघतो, माझ्याकडे बघतो. मग हळूच म्हणाला, "ताई, मंगळवारी गेले ते. डावीकडे खेळायचे ते." तेव्हा कळलं, हा भुंग्याबद्दलच बोलतोय.

भुंग्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. पाळण्यात असताना सारखं नाकातून गुणगुणायचा म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव, घरात शेवटपर्यंत तेच. सदतीस वर्षांचा होता. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर गेला, आणि गवत कापणाऱ्याला डाव्या रेषेजवळ पडलेला सापडला. डॉक्टर म्हणाले हार्ट. जवळ कोणीच नव्हतं.

कारकून आत यायला तयार नव्हता. बॅग उंबऱ्याच्या आत सरकवली आणि गेला. आईनं ती खाटेवर घेऊन उघडली. दोन बूट, मोजे, एक जाकीट, आणि खाली शिनगार्ड. नडगीला मार लागू नये म्हणून मोज्याच्या आत घालतात ती पट्टी. पाच जोड्या निघाल्या. प्रत्येकीवर जाड पेनानं काहीतरी लिहिलेलं. आईला दिसतं कमी, म्हणाली वाच. मी वाचलं. तंबू. मास्तर. पोस्ट्या. बारक्या. वकील.

"भुंग्या कुठंय?"

"नाही यात."

"नीट बघ."

मी बॅग उलटी केली. जाकिटाच्या कॉलरच्या आत सुद्धा 'मास्तर' लिहिलेलं. त्याचं स्वतःचं असं त्या बॅगेत काही नव्हतं, बूट सोडले तर, आणि बुटांवर काही लिहिलेलंच नव्हतं.

आई बराच वेळ त्या पट्ट्यांवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "तुझे वडील म्हणायचे ते खरं होतं तर."

वडील काय म्हणायचे ते सांगते. भुंग्या वर्षाचे नऊ महिने बाहेरगावी. मे-जूनमध्ये यायचा, इथल्या गोदामात पोती उचलायचा, परत जायचा. आम्ही कोणी त्याला खेळताना बघितलं नाही. सुरुवातीला दोन वर्षं इथल्याच एका क्लबात होता तेव्हा लहान म्हणून बेंचवर असायचा, पुढं तो क्लब बंदच पडला. मग लांब गेला तो गेलाच. आम्ही येतो म्हटलं की म्हणायचा नका येऊ, माझं लक्ष उडतं. वडील म्हणायचे, "हा तिकडं पण पोतीच उचलतो. आपल्याला येऊन फुटबॉलच्या गोष्टी सांगतो." हसत म्हणायचे, पण म्हणायचे. आई तेव्हा भांडायची त्यांच्याशी. आता वडील नाहीत, भुंग्या नाही, आणि समोर पाच जणांच्या वस्तू.

"चोरायचा का गं हा?" आई म्हणाली. "मला रडू सुद्धा नीट येईना. कोणासाठी रडू? तू एक कर. त्याला खेळताना आपल्या डोळ्यांनी बघितलेला एक माणूस माझ्यापुढं आणून बसव. एकच. मग मी काही मागणार नाही."

मी शर्टाच्या कारखान्यात काज-बटणाला आहे. आठवड्याची रजा टाकली आणि निघाले.

खरं सांगायचं तर शंका मला पण होतीच, पण वेगळी. भुंग्या घरी यायचा तेव्हा दर वर्षी थोडा वेगळाच येऊन उतरायचा. एका वर्षी आला तो डाव्या हातानं जेवायला लागलेला. आई म्हणाली हे काय रे, तर स्वतःच्या हाताकडे बघून दचकला. एका वर्षी वर्तमानपत्र वाचताना ओळीखाली बोट धरायचा आणि मधेच मान वर करून आमच्याकडे असं बघायचा की आता उभं करून प्रश्न विचारतोय. पाचवीत शाळा सोडलेला माणूस! मी मागून हाक मारली, भुंग्या, तर वळायचा नाही. तीन-तीन हाका. आणि एकदा आम्ही दोघं बाजारात चाललो होतो, गर्दीतून कोणीतरी कोणालातरी ओरडलं, "ए मास्तर!" तर हा जागच्या जागी गर्रकन फिरला आणि म्हणाला, "ओ!" ओरडणारा ज्याला बोलावत होता तो खरा शिक्षक पलीकडून हात करत होता. मी म्हटलं, तू कधीपासून मास्तर झालास? तर हसला नाही. म्हणाला, "चल, उशीर होतोय." कशाला उशीर होत होता देव जाणे, आम्ही कांदे घ्यायला चाललो होतो.

त्याचा शेवटचा क्लब म्हणजे एक मैदान, एका बाजूला पायऱ्या, आणि पत्र्याची लांब खोली. तिथं खेळाडूंचे कपडे धुणारा, वाळवणारा, खुंट्यांवर लावणारा एक म्हातारा होता, त्याला सगळे किटवाला म्हणतात. मी भावाचा घरातला फोटो दाखवला. त्यानं चष्मा लावून बघितला, काढून बघितला.

"ओळखत नाही बुवा."

"अहो, मागच्या आठवड्यात इथंच गेला तो."

"तो तर वकील गेला."

"तोच माझा भाऊ."

किटवाल्यानं फोटो परत घेतला. खूप वेळ बघितला. मग हातातला ओला शर्ट बादलीत टाकून बसला, आणि मला समजावलं. म्हणाला, ताई, खालच्या लीगमध्ये क्लब गरीब, माणसं मोजकी. सीझनच्या मधे कोणाचा पाय मोडला की बाहेरून बदली आणायचा. आता बाकीच्या दहा जणांच्या तोंडात जुनी हाक बसलेली असते. चेंडू अंगावर येत असताना कोण नवीन हाक शोधत बसणार? म्हणून आलेल्या माणसाला त्याच जुन्या हाकेनं बोलवायचं. शर्ट तोच, खुंटी तीच, शिनगार्ड सुद्धा तेच देतात कधीकधी. मूळचा माणूस बरा होऊन आला की हा दुसरीकडे. "तुमचा भाऊ त्यात पक्का होता. हाक मारली की त्याच पावलाला हजर. सोळा-सतरा वर्षं हेच केलं असेल त्यानं. अकरा क्लब झाले म्हणायचा."

"मग तुम्ही बघितलंय ना त्याला खेळताना? माझ्या आईला येऊन सांगाल?"

किटवाला बादलीतला शर्ट परत पिळायला लागला. "बघितलंय. म्हणजे वकिलाला बघितलंय. पण डोळ्यासमोर आणायला गेलो तर मधेच खऱ्याचा चेहरा येतो आणि मधेच ह्याचा, आणि कोणता कोणाचा ते मला सांगता यायचं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचा भाऊ गेला त्या दिवशी गावात बातमी झाली, वकील गेला. लोक खऱ्या वकिलाच्या घरी भेटायला गेले. दार त्यानंच उघडलं! गुडघ्याला प्लास्टर, हातात चहा. लोक हसले, तो पण हसला. पण तेव्हापासून घराबाहेर पडला नाही. बायको सांगते, आरशापुढं उभा राहतो."

भिंतीवर दर वर्षीचे टीमचे फोटो लावलेले. मी एक-एक बघत गेले. फोटो सीझनच्या पहिल्या दिवशी काढतात आणि बदली येतो मधे, त्यामुळे भुंग्या कुठंच नव्हता. अशाच अकरा भिंती असणार.

मी निघाले तर किटवाला मागून आला. "ताई, बघणारे बघत नसतात. ते चेंडू बघतात. ह्याला बघितलेला एकच जण मला माहीत आहे. पोस्ट्या. मी आधी ज्या क्लबात होतो तिथला. त्याचा पाय मोडला आणि तुमचा भाऊ त्याच्या जागी आला. बाकीचे घरी बसतात, हा कुबड्या घेऊन दर मॅचला यायचा. त्याला विचारा."

पोस्ट्या दोन तासांवर राहत होता. फुटबॉल कधीच सुटलेला, आता सोफे शिवायचं दुकान. गोलपोस्टला चिकटून उभा राहायचा म्हणून पोस्ट्या. मी गेले तेव्हा पालथ्या खुर्चीवर वाकून कापड ठोकत होता, तोंडात बारीक खिळे धरलेले. ओठांतून एकेक खिळा काढायचा आणि ठोकायचा. बोलला ते तोंडात खिळे तसेच ठेवून, एकही पडला नाही.

"कोण पाहिजे?"

"तुमचा पाय मोडला होता तेव्हा तुमच्या जागी खेळला, त्याची मी बहीण."

हातोडी थांबली.

"गेला का?"

मी अजून काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "हो. मागच्या..."

"मंगळवारी. सकाळी." त्यानं तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. "माझा हा पाय थंड पडला मंगळवारी. हा डावा, मोडलेला. गुडघ्याखाली बर्फ. बायकोनं चोळला, शेकला. दुपारी आपोआप बरा झाला. मी तिला म्हटलं, त्याचं काहीतरी झालं."

पण मी त्यासाठी आले नव्हते. म्हटलं, माझ्या आईला एक माणूस पाहिजे, त्याला खेळताना बघितलेला. तुम्ही येता का?

"मी? मी नको."

"का? बघितलंय म्हणतात तुम्ही."

"बघितलंय म्हणूनच." मग तो मान खाली घालून सांगायला लागला. "माझा शर्ट, माझी हाक. सगळे ओरडणार पोस्ट्या, पोस्ट्या, आणि मी पायरीवर बसलेला, माझ्या तोंडातून दर वेळी ओ निघणार आणि मैदानात तो वळणार. एकोणीस मॅच. ताई, मी एक सेकंद त्याच्यावरून नजर काढली नाही. गोल कोणी केले विचाराल तर सांगता यायचं नाही. त्यानं कितव्या मिनिटाला नाक पुसलं ते सांगतो. आणि सगळा वेळ मनात एकच. मोडू दे. त्याचा पण मोडू दे. शेवटी शेवटी तो डाव्या पायानं लंगडायला लागला होता. लागलं काही नव्हतं. माझ्यासारखाच लंगडायचा, बरोबर तसाच. हे तुमच्या आईला सांगू?"

मी म्हटलं, "सांगा."

रविवारी दुपारी तीन वाजता आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, जसं काही मुलगी बघायला आलाय. आईनं त्याला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाटेवर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"तू बघितलास त्याला?"

"हो मावशी."

"खेळायचा?"

"खेळायचा."

"बरा खेळायचा?"

"वाईट नव्हता. डोक्यानं चांगला. उजवा पाय लाकडाचा." आणि मग स्वतःच, कोणी न विचारता, "मी त्याच्या पायाकडेच बघत बसायचो मावशी. मोडावा म्हणून."

मी चहा घेऊन दारातच थांबले. वाटलं आई आता ह्याला उठवून लावणार. पण आई म्हणाली, "म्हणजे नीट बघितलं असशील."

तिनं उशाखालून शिनगार्डची ती जोडी काढली, पोस्ट्या लिहिलेली. "ही त्यानं घेतली तुझी?"

"मीच दिली. पाय बरा होऊन मी परत आलो त्या दिवशी तो सामान आवरत होता. पट्टी काढून द्यायला लागला. मी म्हटलं ठेव, माझ्या पायाला आता लागत नाही ती. जाताना म्हणाला, पोस्ट्या, सांभाळ. मी म्हटलं, पोस्ट्या तू सांभाळ." आणि हसायला गेला तर त्याला हसता येईना. आईला त्यावर रडू फुटलं. बारा दिवसांचं, सोळा वर्षांचं, सगळं एकदम.

रडून झाल्यावर तिनं विचारलं तशी त्यानं एक मॅच पहिल्यापासून सांगितली. आईचं मागणं तिथंच पुरं झालं होतं. पण तो जायला उठला तेव्हा तिनं त्याचा हात सोडला नाही. म्हणाली, एकोणीस म्हणालास ना? एकच सांगितलीस. पुढच्या रविवारी दोन सांग.

असा तो यायला लागला. दर रविवारी तीनला. स्टुलावर बसायचा, डोळे भिंतीवरच्या एका डागावर लावायचा आणि सांगायचा. आई डोळे मिटून ऐकायची, मधेच विचारायची, पाणी प्यायला का तो? दमला होता का? पोस्ट्या सांगायचा, हो, बाटली उलटी करून डोक्यावर ओतली. मी सुद्धा कारखान्यात सोमवारपासून रविवारची वाट बघायला लागले. हातात काज असायचं आणि डोळ्यापुढं मैदान.

एकोणीस संपल्या. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, तुमचे उपकार झाले. तो चपला घालून गेला. पुढच्या रविवारी तीनला बेल वाजली. येऊन स्टुलावर बसला आणि सांगायला लागला. पाऊस पडून लाल चिखल झालेला, चेंडू काटेरी तारेवर जाऊन फुटला, दुसरा मिळेपर्यंत एक कुत्रं मैदानात शिरून मधोमध झोपलं, आणि भुंग्यानं त्याला उचलून रेषेबाहेर नेऊन ठेवलं. मला ऐकता ऐकता लक्षात आलं, ह्या मॅचमध्ये लोक त्याला वकील म्हणून हाका मारत होते.

दुसऱ्या दिवशी मी किटवाल्याला फोन केला. कुत्र्याचं विचारलं. तो म्हणाला, "हो, खरं आहे. तुम्हाला कोणी सांगितलं? त्या मॅचला आम्ही पंधरा जण आणि समोरचे, बाकी बघायला चिटपाखरू नव्हतं."

रविवारी मी पोस्ट्याला दारातच गाठलं. "त्या मॅचला होतात तुम्ही?"

"नाही."

"कुठं होतात?"

"दुकानात. सोफा करत होतो."

"मग कुठून सांगता?"

तो भिंतीला टेकला. एवढा मोठा माणूस, ओठ पांढरे. "स्टुलावर बसलं की दिसतं ताई. आधीसारखंच, पायरीवरून बघितल्यासारखं. मी नाही आलो तर रविवारी तीनला घरी बसून दिसतं. त्यापेक्षा इथं बरं, इथं निदान ऐकायला कोणीतरी आहे. मावशीला सांगू नका."

आतून आई ओरडली, "आला का पोस्ट्या? त्याला बाहेर कशाला उभं केलंस?"

मी नाही सांगितलं. आणि खरं बोलायचं तर मला सांगायचं पण नव्हतं. कारण मी हिशेब केला होता, वकिलाच्या मॅच किती, तारखा काय. किटवाल्याकडून सगळ्या घेतल्या होत्या. आठ रविवार पुरतील इतक्या. आणि नवव्या रविवारी ती मंगळवारची सकाळ. मैदानात कोणी नव्हतं तेव्हाची. तो कसा पडला, लगेच गेला की पडून राहिला, कोणाला हाक मारली का, आणि मारली तर कोणत्या हाकेनं कोणाला. मला ते पाहिजे होतं. रात्रंदिवस तेच पाहिजे होतं. ह्या माणसाला दिसतं, तर ते पण दिसेल.

आठ रविवार गेले. नवव्याला मी चहा सुद्धा केला नाही, आईच्या शेजारी खाटेवर बसले. पोस्ट्या आला. त्या दिवशी आत येताना लंगडत होता. स्टुलावर बसला, डागाकडे बघितलं. मग म्हणाला, "गवत ओलं आहे. तो एकटाच आलाय. बूट रेषेच्या बाहेर बसून बांधतोय. उजवा झाला. आता डावा..."

"थांब," आई म्हणाली.

तो थांबला. मी आईकडे बघितलं. तिचे डोळे उघडे होते. मला वाटत होतं तिला काही माहीत नाही. तिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं, रविवार ती पण मोजत होती.

मी म्हटलं, "आई, मला ऐकायचंय."

"मला माहीत आहे बाळा."

"एकदाच. मग परत विचारणार नाही."

"नाही," आई अगदी हळू म्हणाली. तिनं पुढं वाकून पोस्ट्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, डाव्या. "तिथंच राहू दे त्याला. बूट बांधू दे. तू पहिल्यापासून सांग. पहिली मॅच."

पोस्ट्याचे डोळे डागावरून हलत नव्हते. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. खूप वेळानं त्याची मान खाली आली, माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"पहिल्या मॅचला वारा फार होता," तो म्हणाला. "त्याचा शर्ट नुसता फडफडत होता."

आईनं चादर अंगावर ओढून घेतली. "खिडकी लाव गं," म्हणाली.

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. मी उठले आणि खिडकी लावली.